मिक्सरचं नवं भांडं

चमचा फरशीवर पडला आणि टणटणत फ्रिजखाली गेला. लाईट जाऊन कूलर बंद पडल्यापासून घर इतकं चिडीचूप होतं, की तेवढा आवाजही बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. फ्रिजच्या आडोशाला बसवलेल्या तिच्या लेकीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"कोन हाय गं आत?" बाहेरच्या खोलीतून साखराबाईंनी विचारलं.

"मीच, आजी. ताट वाढायलेय."

"तुझी चाहूल वळखते मी. ही दुसरी कोन?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बालवाडीला सुट्ट्या होत्या, सांभाळणारी शेजारीण लग्नाला गेलेली, आणि लातूरच्या या उन्हात पत्र्याच्या खोलीत लेकराला कोंडून येणं म्हणजे भट्टीत ठेवणं. रेणुकानं तिला स्वयंपाकाच्या कामावर बरोबर आणलं होतं. वाटेत चार वेळा घोकूनही घेतलं होतं. नाव विचारलं तर काय सांगायचं? पिंकी. अजून एकदा. पिंकी.

"लेक हाय, आजी. घरी कुनी नव्हतं, म्हनून आनली."

"मंग चोरावानी आत कामून बसवलीस? आन की भाईर."

रेणुकानं ताट आणलं, पाठीमागं पदर धरून लेक आली. ताटात ज्वारीची भाकरी, दही-पुदिन्यातली काकडी, आणि वाटीत काबुली चणे, तीळ, लसूण वाटून लिंबू पिळलेलं ते गार वाटण. डॉक्टरनं उन्हाळ्यात हलकं खायला सांगितलं, तेव्हा सून उज्ज्वलानं फोनवर बघून ते शोधून काढलं होतं. ती त्याला हम्मस म्हणायची. साखराबाई म्हणायच्या, गार पिठलं.

"आईतवारी औसा रोडच्या नव्या हाटेलात हेच खाल्लं बघ," भाकरीचा तुकडा मोडत साखराबाई म्हणाल्या. "वर नुसतं तेलाचं तळं. अन् तेल बी कुठलं, ते ऑलिव्हचं, आमी लेकरांच्या अंगाला चोळतो ते! तुझ्या हातची चव न्हाई त्याला."

रेणुका हसली. लेक वाटीकडं बघत होती.

"भूक लागली व्हय गं बाय? ये, बस हितं."

साखराबाईंनी तिला मांडीजवळ ओढलं, आपल्याच ताटातला तुकडा आपल्याच वाटीत बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. लेकीनं डोळे मिटून चावला. आई इथं रोज करते ते हे वाटण ती पहिल्यांदाच खात होती.

"हाटेलात कोन रांधतंय, आपुन कुठं इचारतो?" साखराबाई सांगत होत्या. "पैसे द्यायचे, खायचं, उठायचं. घरात मात्र पारखून घ्यावं लागतंय, रेणुका. तुझ्या आधी एक होती. गुनाची बाई, हात बी ग्वाड. दिवाळीपस्तोर खाल्लं आमी तिच्या हातचं. मंग कळलं, तिच्या घरात बुद्धाचा अन् बाबासाहेबाचा फोटो हाय."

रेणुकाच्या पत्र्याच्या खोलीतही तेच दोन फोटो होते. रोज सकाळी कामावर निघताना ती ते पदरानं पुसायची.

"त्याच दिवशी तिला न्हाई म्हनलं. सूनबाई म्हनाली, र्‍हाऊ द्या, आता कोन मानतंय. म्या म्हनलं, तू नको मानू, पर मिक्सरचं भांडं तरी बदल. आज तू हे वाटलंस ना, ते नवं भांडं हाय."

कामाच्या पहिल्या दिवशी त्या भांड्याची चकाकी बघून रेणुकाला किती बरं वाटलं होतं. चांगलं घर मिळालं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं.

"नाव काय गं तुझं?" साखराबाईंनी दुसरा घास बुडवला.

रेणुकाच्या स्वतःच्या नावावरून काही कळत नव्हतं, आडनावही कुणाचंही असावं असं होतं, आणि गाव लोहा म्हणून सांगितलं होतं ते तर खरंच होतं. पण लेकीचं नाव लपणारं नव्हतं. लोह्याच्या विहारात आजोबांनी नातीला मांडीवर घेतलं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाले होते, लुंबिनी.

लेक तोंडातला घास चावत होती. तिनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पिंकी."

"ग्वाड नाव हाय," म्हणत साखराबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि घास भरवला.

लाईट आली. कूलर घरघरला. रेणुका उठून स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि मिक्सरचं भांडं घासायला घेतलं. मघाच घासून उपडं घातलेलं भांडं. पाच वर्षांच्या लेकरानं पापणीही न हलवता खोटं सांगितलं होतं, आणि ते आपण शिकवलं होतं.

मागून लेक आली. पालथं पडून तिनं फ्रिजखालचा चमचा ओढून काढला, फ्रॉकला पुसला आणि आईच्या हातात दिला. ओठांना अजून लिंबाचं वाटण लागलेलं होतं. चेहरा नुसता खुलला होता.

"आई, आजी लई चांगली हाय," ती हळूच म्हणाली. "आता तिला माझं खरं नाव सांगू?"