भावासकट हजर

मंदाकिनीबाईंनी शाळेच्या वऱ्हांड्याच्या वाशाला दोराची शेवटची गाठ मारली, साडीची झोळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि अनितापुढं हात पसरले. "आण त्याला."

अनिता दहा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला आलेले. ते दिवसभर निरवांगीच्या फडात, तेव्हा आठ महिन्यांचा भाऊ दिवसभर हिच्या कडेवर. तिनं आधी झोळीकडं पाहिलं, मग तान्ह्याला सांभाळायला झोळीशेजारी मांडी घालून बसलेल्या साखरबाईकडं. पटलं असावं. भाऊ बाईंच्या हातात देऊन ती चौथीच्या वर्गात गेली आणि दाराजवळच बसली.

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव आले. ते चिडले की आधी चहा नाकारतात. आज त्यांनी पाणीसुद्धा नाकारलं.

"बाई, मी बारामतीत शाळेच्या टीव्हीचा भाव करून आलो. भिंतीएवढा टीव्ही! आन तुमी हितं पाळणाघर मांडलंय?"

"टीव्ही पुढच्या वर्षी बघू. यंदाच्या जादा अनुदानातून साखरबाईंचा पगार द्यायचा."

"मी सही केली तर."

"तुम्ही सही केली तर," बाई म्हणाल्या. "नाही केली, तर अनिता उद्यापासून परत कोपीवर, त्या पाचटाच्या खोपटात. भाऊ सांभाळत."

"आवो, गरिबाच्या पोरांसाठीच पैसा आलाय, मला कळतंय. मग त्यांला दप्तरं द्या, बूट द्या."

"गेल्या हंगामात दिली की दप्तरं. कोपीवर जाऊन बघितलं, तर त्यात तान्ह्याची दुपटी घड्या घालून ठेवलेली. दप्तर धरायला पोरीचा हात मोकळा नको?"

सर्जेरावांनी दप्तरं सोडली आणि पगार धरला. "एका पोरीपायी पगारी बाई! हंगाम सरला की ती जाणार निघून. गावाला काय सांगू मी?"

"सांगा, शाळेत एक पोरगी वाढली."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. अनिता खिचडीच्या रांगेत थांबलीच नाही. तिनं झोळीत डोकावून भाऊ झोपलेला पाहिला आणि फाटकातून सुसाट पळाली. कडेवर कुणी नसलेली अनिता कशी पळते, ते बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना फार बरं वाटलं.

"गेली!" सर्जेराव म्हणाले. "आन तान्हं आपल्या गळ्यात टाकून गेली. आता?"

"येईल."

"कशावरनं?"

"तिचं गणित अर्धं राहिलंय."

साखरबाई दुपटी धुऊन वाळत घालायला मागं गेली आणि नेमकं तेव्हाच झोळीतून रडं सुरू झालं. सर्जेरावांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी येईना, तेव्हा दोर धरून एक झोका दिला. रडं थांबलं. हात काढला, पुन्हा सुरू झालं. मग मात्र अध्यक्ष झोका देत देतच भांडू लागले.

सुट्टी संपली, वर्ग भरले. दाराजवळची जागा रिकामीच होती. बाईंनी फळ्यावर पुढचं गणित मांडलं, पण त्यांचं निम्मं लक्ष रस्त्याकडं होतं. पोरगी येणार याची त्यांना खात्री होती. पण खात्री असली म्हणून जिवाला घोर लागत नाही असं थोडंच आहे.

मग उसाच्या कडेनं अनिता येताना दिसली. ती एकटी नव्हती. मागं कोपीवरच्या, तिच्याच वयाच्या तिघीजणी, आणि तिघींच्या कडेवर एकेक तान्हं.

फाटकापाशी येऊन त्या थबकल्या. अनिता मागं वळली. "या की! हितं मावशी सांभाळती. आपन नुसतं लिवायचं."

सर्जेरावांनी हातातला दोर सोडला नाही. मान वर करून त्यांनी वऱ्हांड्याचे मोकळे वासे नीट पाहून घेतले आणि मागच्या बाजूला हाक मारली.

"साखरबाई, जरा आमच्या घरी जाऊन या. आईला म्हणावं, ट्रंकेतली तीन लुगडी काढून दे. चांगल्यातली."