चौथा पलंग

"दरवर्षी स्कीइंगला तेच डोंगर, तेच हॉटेल, बाबांचं तेच घोरणं!" सेराइना वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवत कुरकुरली. "मग बाहेर बर्फात झोप!" तिचा बाप गियान बोलून गेला नि त्याने जीभ चावली. आई लादिनाने फोनवरून हॉटेलात चार पलंग सांगितले. माणसं तीनच, गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा आंद्री कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला तो सापडलाच नाही. गियानने बर्फाखालचा माणूस हुडकणारी तिघांची यंत्रं नेहमीसारखी टेबलावरच तपासायला घेतली; चौथं आंद्रीच्या अंगावरच गेलं होतं. शोधावर लावलेलं त्याचं यंत्र दुसऱ्या यंत्राचा संदेश पकडून टिकटिकू लागलं. "तुमची दोघींची बंद करा गं." त्यांनी केली. टिकटिक थांबेना. पडद्यावरचा बाण दाराकडे वळला, अंतराचा आकडा उतरू लागला. जिन्यात स्कीचे बूट वाजले. "आला!" गियान हरखून धावला. लादिनाने त्याची बाही धरली. "उघडू नकोस. आपला आंद्री मेलाय."