रजेवरचा शिपाई

मोटारसायकल शेताच्या धुऱ्यावर थांबली तेव्हा रामधनच्या हातात अर्धी भाकर होती.

"कोनीतरी येऊन राह्यलं," दारात उभी असलेली त्याची बायको बिजलीबाई मागं न पाहता म्हणाली. "जा."

भाकर ताटलीत टाकून तो आतल्या खोलीत गेला आणि कापसाच्या ढिगात शिरला. नुकतीच वेचणी आटोपलेली, खोली आढ्यापर्यंत भरलेली. गळ्यापर्यंत आत गेल्यावर त्यानं कापूस ओढून डोकं झाकलं. बारीक किडे मानेवर चढायला लागले, अंगभर खाज सुटली. पण हलायची सोय नव्हती.

एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. कधी तुरीच्या पिकात, कधी कडब्याच्या गंजीत, हिवाळ्यात कापसात.

रामधन आडे मिलिट्रीत पायोनियर कंपनीत होता. आर्णीकडच्या त्याच्या तांड्यात लोक विचारत, बंदूक किती मोठी असते? त्याच्या हातात बंदुकीपेक्षा फावडंच जास्त वेळ असायचं. जिथं रस्ता संपतो तिथं पायोनियरांचं काम सुरू होतं. डोंगर फोडायचा, पूल टाकायचा, ओझी वाहायची आणि मागून येणाऱ्या फौजेला वाट करून द्यायची. अशाच एका बर्फाळ घाटात कडा कोसळला आणि सात जण गाडले गेले. त्यात पुसदचा सुनील होता, रामधनच्या ताटात जेवणारा. त्याला रामधननंच उकरून काढलं.

त्यानंतर त्यानं फौजेतून नाव कमी करण्याचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "वर पाठवतो. तोवर रजेवर जा."

रजा संपली, उत्तर आलं नाही. परतीच्या गाडीच्या दिवशी रामधनचे पाय उंबऱ्यातच खिळले. बिजलीबाईनं त्याची ट्रंक ओढून परत आत नेली. "नका जाऊ," ती म्हणाली. "मी पाहून घेईन."

तिनं तांड्यात सांगितलं, मालक डुटीवर गेले. महिनाभरात तांड्यातल्या घराला कुलूप लावून ती त्याला रातोरात घेऊन इथं शेतात राहायला आली. मग एकदा आर्णीच्या बाजारातून परतली ती घामाघूम होऊन.

"मिल्ट्रीचे पोलीस आलते. तुमचा फोटो दाखवून राह्यले होते. पळून आलेल्याले चौदा वर्सं जेलात टाकतेत म्हने."

त्या दिवसापासून रामधननं शेताकडेचा नाला ओलांडला नाही. दोन-तीन वर्षांनी तशीच एखादी बातमी यायची आणि तो आणखी आत सरकायचा. लेक सोनू आश्रमशाळेत वाढली, सुटीत मामाकडे जायची. बाप मिलिट्रीत हरवला एवढंच तिला ठाऊक. तिचं लग्न तांड्यात लागलं तेव्हा रामधन इथं कापसाच्या पऱ्हाटीत बसून बँडचा आवाज ऐकत होता. संध्याकाळी बिजलीबाईनं पदरात बांधून लग्नाचे दोन लाडू आणले. त्यानं एकच खाल्ला.

बाहेर खाट करकरली.

"मी नीळकंठ पांढरीपांडे, यवतमाळचा," पाहुणा म्हणाला. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला. "हायस्कूलात इतिहास शिकवायचो. आता पुस्तक लिहितोय. आपल्या जिल्ह्यातले जवान कोणत्या पलटणींत होते आणि त्या पलटणींनी काय काम केलं, यावर."

"आमचं काय लिहिता गुरुजी?"

"असं कसं? लढणाऱ्या पलटणींवर सगळेच लिहितात. तोफ डोंगरावर चढते ती पायोनियरांनी केलेल्या वाटेवरून, त्यांच्यावर कोण लिहितं? आणि तुमचा समाज तर पूर्वी बैलांच्या पाठीवरून फौजांना धान्य पोचवायचा. म्हणून म्हटलं, रामधन आड्यांना भेटल्याशिवाय हे प्रकरण लिहायचं नाही."

कापसातला रामधन कान देऊन ऐकू लागला. कंपनीचं नाव इतक्या मानानं कुणी घेतलेलं त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"ती कंपनी मोडली आता," गुरुजी सांगत होते. "नऊ वर्षं झाली. माणसं दुसरीकडं वाटून दिली."

म्हणजे ज्या कंपनीला भिऊन आपण दडलो, ती उरलीच नाही. रामधनला हायसं वाटेना. कंपनी मोडली तरी गुन्हा थोडाच मोडतो?

"कुठं आहेत ते?"

"नाईत," बिजलीबाई म्हणाली. "डुटीवर गेले ते आलेच नाई."

"ड्युटीवर?" कागद उलटल्याचा आवाज झाला. "कधी?"

"झाले एकोनीस वर्सं. चाय घ्या गुरुजी, थंडी होऊन राह्यली."

"थांबा बाई. काहीतरी घोळ आहे. मी रेकॉर्ड पाहून आलोय. रजेवर असतानाच त्यांचा अर्ज मंजूर झाला. इज्जतीनं नाव कमी केलं, आता परत यायचं कारण नाही, असं पत्र घरी पाठवलं होतं. मग ते ड्युटीवर जातील कशाला?"

रामधननं श्वास घेतला तसा तोंडात कापूस गेला. मंजूर! एकोणीस वर्षांपूर्वीच! पोस्टात गहाळ झालं असेल पत्र. एक कागद वाटेत हरवला आणि दोघांचा जन्म या चार भिंतींत गेला. त्याला रडू येत होतं, हसूही येत होतं. तो दोन्ही हातांनी कापूस बाजूला सारू लागला. आता दार उघडायचं, उजेडात जायचं आणि परक्या माणसासमोरच ओरडायचं, बिजले, आपन सुटलो!

"रजिस्टर पत्र होतं," बाहेर गुरुजी म्हणाले. "पोचपावती फायलीत लावलेली आहे. ही तिची नक्कल. ही सही तुमचीच ना?"

रामधनचे हात थांबले.

बाहेर कागद सळसळला.

"हो, माहीच हाये," बिजलीबाई म्हणाली. "पन गुरुजी, हळू बोला."