मावशींना बसवा ना

ग्रंथपालबाईंनी ते पुस्तक पिशवीतून काढून टीपॉयवर ठेवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी उगाचच फुलदाणी त्याच्यापुढे सरकवली.

वाचकमंडळ या खेपेला त्यांच्याकडे होतं. पुस्तक कुठलं, ते त्यांनी मुद्दामच विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. गावात सध्या दुसरा विषयच नव्हता. आजीच्या काळातली गोष्ट सांगणारी कादंबरी. काळ्या बायका गोऱ्यांच्या घरी राबायच्या, त्यांची पोरं वाढवायच्या, मागच्या दारानं यायच्या-जायच्या, पाण्याचा पेलाही वेगळा. वाचनालयातली प्रत कधी कपाटात राहतच नाही, असं ग्रंथपालबाई सांगत होत्या. औषधवाल्याची बायको म्हणाली की ती शेवट वाचताना इतकी रडली, की नवऱ्याला वाटलं माहेरचं कुणीतरी दगावलं.

न्यायाधीशीणबाई सहसा कशाची तारीफ करत नसत. त्यासुद्धा म्हणाल्या, हे पुस्तक प्रत्येकानं वाचायलाच हवं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वेळच मिळाला नाही. खरं तर त्यांनी ते विकत आणलं होतं, दहाएक पानं वाचली होती आणि हिवाळी कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी घातलं होतं.

न्यायाधीशीणबाईंच्या मुलाचं आणि डॉक्टरीणबाईंच्या लेकीचं जुळत आलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आता थोरांनी बसायचं राहिलं होतं. पण मागे एकदा बोलता बोलता न्यायाधीशीणबाई सहज म्हणाल्या होत्या, की आमच्याकडे घराणं पाहिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंची झोप उडाली होती.

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या.

काळ्या, वाकलेल्या, गुडघे सुजलेले. ट्रेमधले कप किणकिणत होते. एरवी त्या आल्या काय नि गेल्या काय, कुणाचं लक्ष नसे. आज सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. औषधवाल्याच्या बायकोनं घाईघाईनं उठून ट्रेला हात लावला आणि दोन बिस्किटं खाली पाडली.

"मावशींना बसवा ना आपल्यात," न्यायाधीशीणबाई म्हणाल्या. "आपण नुसतं पुस्तकात वाचतोय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना ऐकू कमी येतं. मग म्हणाल्या, ओट्यावर कामं पडलीत. पण तोवर कुणीतरी खुर्ची ओढली होती. मावशींनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

आता ही काय बोलेल? स्वयंपाकघरामागच्या खोलीबद्दल बोलेल, जिची खिडकी भिंतीवर उघडते? की लेकीच्या वाढदिवसाला फोटो काढायच्या वेळी हिला पाव आणायला पिटाळलं, ते? एवढ्या वर्षांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. पण एवढ्या वर्षांत तिला कुणी मायेनं विचारलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

इथं कधीपासून आहात, असं ग्रंथपालबाईंनी विचारलं. बाईसाहेबांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्याबरोबरच आले, असं मावशी म्हणाल्या. ग्रंथपालबाईंनी बाकीच्यांना हलक्या आवाजात सांगितलं, की बाईंची आई फार लवकर वारली, मावशींनीच त्यांना लहानाचं मोठं केलं.

"पुस्तकातल्यासारखंच," औषधवाल्याची बायको म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

इथं नीट वागवतात ना, असं न्यायाधीशीणबाईंनी सरळच विचारलं.

मावशी म्हणाल्या, पोटभर जेवते, आजारपणात बाईसाहेब स्वतः उशाशी बसतात, आणखी काय पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. संपलं एकदाचं, असं त्यांना वाटलं.

"आणि तुमचं स्वतःचं मूलबाळ?" न्यायाधीशीणबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. चहा गार झाला, दुसरा टाकते, असं काहीतरी बोलल्या. न्यायाधीशीणबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"असू द्या हो चहा. बोलू द्या त्यांना."

मावशी आपल्या पदराचं टोक चोळू लागल्या.

"एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "देखणी. गोरीपान, बापावर गेलेली."

"मग?"

"लग्नाच्या वयाची झाली. आणि गेली."

औषधवाल्याची बायको रुमाल शोधू लागली. न्यायाधीशीणबाई उठल्या, मावशींपाशी गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नुसत्याच उभ्या राहिल्या. मावशी म्हणाल्या, दूध उतू जाईल, आणि आत गेल्या.

निघताना न्यायाधीशीणबाई दारात थांबल्या. घराणं काय असतं ते माणसांना कसं सांभाळलंय त्यावरून कळतं, आज माझं मन भरलं, असं त्या म्हणाल्या. रविवारी आम्ही दोघं येतो, मुलांचं ठरवूनच टाकू. डॉक्टरीणबाईंनी हसून मान डोलावली, फाटकापर्यंत सोडायला गेल्या, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.

मग त्या घरात आल्या. डॉक्टर दवाखान्यात होते. लेक वरच्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, तिचं हसणं खालपर्यंत येत होतं. जे हवं होतं ते सगळं झालं होतं. तरी त्या वर न जाता सरळ स्वयंपाकघराकडे वळल्या.

मावशी कप विसळत होत्या. डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कडी घातली, नळ बंद केला आणि मावशींचे ओले हात आपल्या हातांत घेतले.

"मी गेले नाही गं, आई," त्या म्हणाल्या. "इथंच आहे."