कोरफड, तेल आणि मेण

पार्लरवालीने डबी टेबलावर अशी आपटली की झाकण उडून थेट मलमताईच्या पायाशी गेलं.

"उचल," पार्लरवाली म्हणाली. "तुझंच आहे."

मलमताईने उचललं नाही. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि त्यांच्यादेखत कोणी असं बोललेलं तिला खपणारं नव्हतं. पाच वर्षं ती घरच्या घरी मलम बनवून विकत होती. सगळी वस्ती तिला मलमताईच म्हणायची. खरं नाव बहुधा पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं.

"झालंय काय, ते आधी सांग."

"माझी नात दवाखान्यात आहे. सात महिन्यांची पोर. अंगावर पुरळ आलं म्हणून माझी लेक महिनाभर तुझं मलम चोळत होती, दिवसातून तीनदा. तूच म्हणाली होतीस, तान्ह्या बाळालाही चालतं."

"चालतंच! कोरफड, तेल आणि मेण. चौथी वस्तू असेल तर दाखव मला."

"दाखवायलाच आलेय." पार्लरवालीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "डॉक्टरांनी डबी तपासायला पाठवली होती. वाच. मोठ्याने वाच, या दोघींनाही कळू दे."

मलमताईने वाचलं, पण मनातल्या मनात. कागदावर एका औषधाचं लांबलचक नाव होतं आणि त्यापुढे एक आकडा. त्या आकड्यावरून तिची नजर हलेना. कानशिलं तापली.

"स्टेरॉइड," पार्लरवालीनेच दोघींना सांगून टाकलं. "मोठ्या माणसाला द्यायचं तरी डॉक्टर दहादा विचार करतात. आणि हे एवढं! डॉक्टर म्हणाले, आकडा बघून आम्हीच दचकलो."

दोघींपैकी एकीने हातातली नवी डबी हळूच टेबलावर ठेवून दिली.

"तुझ्या पार्लरमध्ये डब्या आठ-आठ दिवस उघड्या पडलेल्या असतात," मलमताई उसळली. "तिथे कोण काय कालवतं, मला काय ठाऊक? माझ्या माथी मारू नकोस!"

"तपासलेली दुसरी डबी सीलबंद होती. डॉक्टरांसमोर फोडली. उद्या मी औषध खात्यात जाणार आहे. तुला काय तोंड वाजवायचं ते तिथे वाजव."

ती गेली. गिऱ्हाइकंही "येतो हं" म्हणत सटकली. मलमताईने पायात चपला सरकवल्या आणि तडक दवाखाना गाठला.

बाळ झोपलं होतं. गाल इतके फुगले होते की डोळ्यांच्या नुसत्या रेघा उरल्या होत्या. मांड्यांवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. उशाशी बाळाची आई बसली होती. तिने आरडाओरडा केला नाही, तेच मलमताईला जास्त लागलं.

"गाल भरले म्हणून मी खूश होते, ताई," ती म्हणाली. "बाळसं धरलंय म्हणून सगळ्यांना फोटो पाठवले."

"बरी होईल ना गं?"

"मलम बंद केलं तरी ते औषध एकदम बंद करता येत नाही म्हणतात. अंगाला सवय लागलीय. आता डॉक्टर थोडं थोडं देऊन उतरवणार. तोवर साधा ताप आला तरी जिवावर बेतेल."

मलमताईने बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"ज्याने हे केलंय, त्याला मी सोडणार नाही," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

परतताना तिने तारखा जुळवल्या. डबी गेल्या महिन्यातली. गेल्या महिन्यात ती बारा दिवस बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. नवरा कामासाठी परगावी. घरात मागे उरलं होतं एकच माणूस. चालता चालता तिच्या मुठी आवळल्या गेल्या.

सासूबाई ओट्यापाशी डब्या पुसत होत्या. औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढलेला तो हात अजून झरझर चालायचा. सुनेचा चेहरा पाहून थांबला.

"आई, मी बहिणीकडे होते तेव्हा मलम कोणी केलं?"

"मी. दुसरं कोण करणार?"

"काय करून ठेवलंत त्यात?"

"हे बघ, आधी पाणी पी, मग—"

"पाणी गेलं खड्ड्यात! सात महिन्यांची पोर मरायला टेकलीय तिकडे!"

तिने ओट्यावरचं पातेलं उचलून भिरकावलं. मलम भिंतीवरून ओघळत खाली आलं. इतक्या वर्षांत तिने सासूबाईंवर कधी आवाज चढवला नव्हता. सासूबाई खुर्चीत मटकन बसल्या.

"बायका नावं ठेवायला लागल्या होत्या गं. पहिल्यासारखा गुण येत नाही म्हणायच्या. तू घरी नाहीस, आणि माझ्या हातून तुझं नाव जायला नको, म्हणून पिळल्या ट्यूबा. कुणी तान्ह्या पोरीला चोळेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"डोक्यात आलं नाही? तीस वर्षं काय चॉकलेटं विकत होतात?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं. मलमताईने पुढे होऊन खिडकी लावली, कडी घातली, नळ मोठा सोडला. मग ती सासूबाईंवर वाकली.

"किती?"

सासूबाईंनी चार बोटं वर केली.

"पातेल्याला एकच ट्यूब, असं शिकवलं होतं मी तुम्हाला," मलमताई दातओठ खात म्हणाली. "एकच!"