तिसरं रीडिंग

हेमंतनं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि गेम खेळायचा सोडून जुन्याशी त्याची तुलनाच करत बसला. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये सोमवारपासून हेच चाललं होतं. तो स्क्रीनवर बघून टेंपरेचर सांगायचा आणि शेजारी बसलेली त्याची बायको वृंदा लॅपटॉपवर ते टाइप करायची.

“जुनं, ब्याऐंशी. बापरे, तापलंय गं बिचारं! थांब, जरा फॅन वाढवतो.”

मग कार्ड बदलून, “नवं, चौसष्ट. बघ, किती कूल राहतंय!”

वृंदाच्या अंगात तीन दिवसांपासून ताप होता. सकाळी तिनं सांगितलं, तेव्हा तो मान वर न करताच “गोळी घे ना” म्हणाला होता. आता तिनं तोंडातला थर्मामीटर काढून बघितला आणि त्यावरचा आकडा त्या दोन आकड्यांच्या खाली टाइप केला.

हेमंतची नजर लॅपटॉपवर गेली. “हे एकशे तीन कुठून आलं? एवढं तापलं तर कार्ड जळून जाईल. चुकून पडलंय, डिलीट कर.”



वृंदानं तो आकडा डिलीट केला. “हं,” ती म्हणाली, “पुढचं सांग.”