कुंथ

कौशी बापाच्या पायांवर बसली होती, पण हगत नव्हती.

अडीच वर्षांची पोर. निवृत्ती घरामागच्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेला, अन् त्याच्या दोन पायांच्या फटीवर ती उकिडवी. हे काम बायांचं. कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याच्या जिनिंगवर निघालेल्या फकीर मोहम्मदनं तर गाडी थांबवूनच पाहिलं.

"काऊन बे निवृत्ती, तू कधीपासून माय झाला?"

"पाच दिवसांपासून. जा, बैल हाक."

निवृत्तीला लाजायला सवड नव्हती. पाच दिवस झाले, पोरीनं शी केली नव्हती. पोट कच्च्या कवठासारखं टणक. एरंडेल झालं, भिजवलेल्या मनुका झाल्या, पानाचा देठ तेलात बुडवून लावून झाला. शी येत नव्हती असं नाही. आली की कौशी पाय आवळायची, दात खायची, घामानं निथळायची, अन् आलेली परत आत ओढून घ्यायची.

त्याची आई झुंबरबाई हात पुसत बाहेर आली.

"दुपारी वैदू येऊन राह्यला. जमालगोटा देऊन टाकू. घडीभरात मोकळी होईन."

"जमालगोटा नाई द्याचा."

"तू वैदू हायेस काय बे?"

मागच्या साली शेजारच्या मोतीरामाच्या लेकराला जमालगोटा दिला होता. सकाळी दिला, अन् दिवे लागायच्या आत लेकरू गेलं. मोतीरामाच्या हातातली ती चिंधीसारखी मान निवृत्तीनं स्वतः पाहिली होती.

झुंबरबाई नातीसमोर बसली. तिचाही जीव तुटत होताच. "कुंथ व माह्ये माय! जोर कर! कुंथ, कुंथ!"

कौशी किंचाळली. बापाचे गुडघे तिनं नखं रुतवून धरले.

"नाई! जीव जाते!"

"काय जाते?" निवृत्तीनं विचारलं.

"जीव."

पाच दिवसांपूर्वी याच जागी निवृत्ती उभा होता, कौशीला कडेवर घेऊन. आत तीन बाया एका सुरात ओरडत होत्या, "कुंथ गीता, कुंथ!" अन् त्यावर त्याच्या बायकोची, गीताची किंकाळी, "माय व, जीव जाते माहा!" ऐकवेना म्हणून त्यानं खांद्यात डोकं खुपसून एक कान झाकला होता, दुसऱ्यावर हात ठेवला होता. पोरीचे कान झाकायचं त्याला सुचलं नव्हतं.

मग मुलगा झाला. बाळंतिणीच्या दाराला गोणपाट लागलं. कौशी आत गेली तर अंगावर प्यायला मागेल, म्हणून झुंबरबाईनं तिला दाराशीही फिरकू दिलं नाही.

"कौशे, तुही माय कुठं हाय?"

"गेली," कौशी म्हणाली. गाय चरायला गेली म्हणावं, तसं.

निवृत्ती उठला. पोरीला काखेत मारलं, चुलीतली राख घमेल्यात घेतली अन् बाळंतिणीच्या खोलीसमोर ओतली. मग उंबऱ्याकडं तोंड करून खाली बसला अन् राखेच्या दोन्ही बाजूंनी पाय पसरले.

"अरे बापा! आज पाचवी हाय! अथी पूजा मांडाची हाय, अन् तू पोट्टीले हगवाले बसला?"

"हो."

"सारं घर बाटवशीन!"

"मंग सारवू."

त्यानं हात लांबवून गोणपाट बाजूला केलं. आत ओव्याच्या धुरीचा वास. बाजेवर गीता, डोक्याला फडकं बांधलेली, शेजारी गाठोड्याएवढं बाळ. नवऱ्याला दारात पाहून ती दचकून अर्धी उठली.

कौशी मात्र पुढं सरकली नाही. लांबूनच पाहत राहिली.

"माय, तुहा जीव गेला?"

गीता नवऱ्याकडं पाहू लागली.

"तू कुंथताना वरडली न," निवृत्ती म्हणाला, "थे इनं आयकलं. कुंथलं का जीव जाते म्हणते. तवापासून धरून बसली."

गीताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं तळवा छातीवर दणकन आपटला.

"हे पाह्य. अथीच हाय. तुले सोडून कुठं जाईन व थो?"

कौशीनं बराच वेळ त्या हाताकडं पाहिलं. मग आपली आपण बापाच्या पायांवर बसली, आईकडं तोंड करून. झुंबरबाईनं तोंड उघडलं, तर निवृत्तीनं बोट वर केलं. कोणी कुंथ म्हणालं नाही. पोरीचं तोंड लालबुंद झालं, ओठ थरथरले, एक टिपूस गालावरून घरंगळला. अन् राखेत ठप्प करून पडलं. काळं, टणक, चांगलं लिंबाएवढं.

कौशी उठली. मागं वळून, वाकून तिनं नीट पाहिलं. बाजेवरच्या गाठोड्याकडं पाहिलं. पुन्हा राखेत पाहिलं.

"बाबा, हे रडत नाई."

गीताला हसू फुटलं. थांबवता थांबेना. दोन्ही हातांनी पोट धरून ती बाजेवर आडवी झाली. "हासवू नोका हो! माय व... जीव जाते माहा!"

कौशी चमकली. तिनं आत पाहिलं. माय जीव जाते म्हणत होती, अन् हसतही होती. मागं आजीनं पदर तोंडात कोंबला होता.

कौशी परत पायांवर येऊन बसली. बापाचे गुडघे घट्ट धरले.

"कुंथ," ती स्वतःलाच म्हणाली.